कागदी प्लॅनर कोणता घ्यावा, आणि तो फेब्रुवारीनंतर चालू कसा ठेवावा?

पोवईनाका_रोज
नमस्कार मंडळी. डिसेंबर लागला की दुकानात डायऱ्यांचे ढीग लागतात आणि दरवर्षी मी त्यातली एक उचलून आणते. ह्या वर्षी घ्यायच्या आधी विचारावं म्हटलं.

थोडक्यात माझं सांगते. साताऱ्यात राहते, एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. मुलगा नववीत, मुलगी चौथीत. सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी, डोळ्यांचं वेगळं. मे महिन्यात दिराचं लग्न, १७ मे पासून अधिक महिना लागतोय म्हणून त्याच्या आतली तारीख धरलीय, म्हणजे हॉल, आचारी, पत्रिका, सगळं आत्तापासूनच.

मोबाईलमधे रिमाइंडर लावते, पण तो नेमका मीटिंगमधे वाजतो, मी बोटाने सरकवते आणि तो गेला की गेला. ऑक्टोबरमधे असंच सासूबाईंची डोळ्याच्या डॉक्टरांची तारीख हुकली. पुढची तारीख दीड महिन्यानं मिळाली. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण मला ते फार लागलं. तेव्हापासून ठरवलंय की सगळं कागदावर, डोळ्यासमोर पाहिजे.

तर प्रश्न असे की रोजचं एक पान असलेली घ्यावी की आठवडा दोन पानांवर असलेली? तारखा छापलेली की कोरी? साईज कुठली? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्यापैकी कुणाची डायरी वर्षभर चालते का, आणि कशी चालते? माझी फेब्रुवारीत थांबते. दरवर्षी.

मिरजकर_जंक्शन
आठवडा दोन पानांवर. डोळे झाकून घ्या.

कोरेगावची_बाई
ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, आमचं आयुष्यच टाचण वहीत गेलं. वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, मग रोजचं टाचण. त्यामुळे कागदावर नियोजन करायची सवय आहे, पण घरच्या कामांसाठी डायरी ठेवायला लागले तेव्हा माझंही तुमच्यासारखंच व्हायचं. मग लक्षात आलं की माझं वर्ष जानेवारीत सुरूच होत नाही! माझं वर्ष १५ जूनला सुरू होतं आणि मे मधे संपतं. जानेवारीत आमच्याकडे गॅदरिंग, सहली, शिष्यवृत्तीचे जादा तास, अक्षरशः मान वर करायला वेळ नसतो आणि त्याच महिन्यात मी नवीन सवय लावायला बघत होते. ती टिकणार कशी?

आता मी साधी २०० पानी वही घेते जूनमधे, शाळेच्या वह्यांबरोबरच. स्वतः तारखा टाकते. सात वर्षं झाली, एकदाही थांबली नाही. सुट्टीत पंधरा दिवस काही लिहिलं नाही तरी कोरी पानं वाया जात नाहीत, पुढची तारीख टाकून पुढे जायचं. छापील डायरीत ती कोरी पानं बघूनच मन मोडतं.

पोवईनाका_रोज
बाई, ते कोरी पानं बघून मन मोडतं हे अगदी खरंय. चार दिवस राहिले की पाचव्या दिवशी उघडायलाच नको वाटतं.

वाईचा_दिनेश
मी उलट बाजूने बोलतो, राग मानू नका. कागद वाजत नाही. तुमची डोळ्याची तारीख वहीत लिहिलेली असती आणि वही पर्समधे असती तर? फोनमधे कॅलेंडर नीट वापरा, रिमाइंडर एक न लावता तीन लावा, एक आठवडा आधी, एक आदल्या दिवशी रात्री ९ ला जेव्हा मीटिंग नसते, आणि एक सकाळी. माझं सगळं असंच चालतं, वर्कशॉप आहे, १४ माणसं आहेत.

मिरजकर_जंक्शन
@वाईचा_दिनेश वर्कशॉपमधे भिंतीवर पांढरा बोर्ड आहे का नाही ते सांगा आधी 😀

वाईचा_दिनेश
आहे. बरं. तो आहे.

बागवाला_तासगाव
ताई, मी द्राक्षबागायतदार. आमच्यात वहीशिवाय पान हलत न्हाई, म्हणून लिहितो.

आमच्या बागेत तारखेला किंमत न्हाई, छाटणीपासनं कितवा दिवस ह्याला किंमत हाय. मी १२ ऑक्टोबरला फळछाटणी घेतली. त्या दिवशीच्या पानावर वर १ लिहिला. आज १५ डिसेंबर, पानावर ६५. माल काढायला १२० ते १४० दिवस धरायचे, वाण आणि थंडी बघून. कुठल्या दिवशी विरळणी, कुठल्या दिवशी जीएचं डिपिंग, म्हंजी वाढीच्या औषधात घड बुडवणं, सगळं त्या आकड्यावर. फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी रोग येतो, तवा मागच्या वर्षाची वही काढायची आणि बघायचं की गेल्या खेपेला ह्याच दिवसाला काय मारलं होतं आणि काय फरक पडला. तारीख दोन्ही वर्षाची येगळी असंल, पण दिवस जुळतो. छापील डायरीत हे जुळत न्हाई, म्हणून आमी कोरी वही घेतो. एक फळछाटणीची, एक एप्रिलच्या खरड छाटणीची.

आणि एक्सपोर्टला माल द्यायचा तर ग्रेपनेटला, म्हंजी एक्सपोर्टच्या सरकारी नोंदणीत, बाग नोंदवलेली असती, फवारणीची नोंद दाखवावी लागती. कुठलं औषध, किती मिली, कधी मारलं, आणि काढणीच्या आधी किती दिवस मोकळे सोडले. एक नोंद राहिली आणि तपासणीत औषधाचा अंश निघाला तर अख्खा कंटेनर गोत्यात. त्यामुळं फवारणीचा पंप खाली ठेवला की हात धुवून पयल्यांदा वही. च्या प्यायचा नंतर.

माझं म्हणणं एवढंच की कुठली डायरी घेऊ ह्याच्या आधी तुमची कामं कशावर फिरत्यात ते बघा.

कोरेगावची_बाई
दादा, काय सुंदर सांगितलंत. छाटणीचा दिवस हा प्रकार मला माहीतच नव्हता. माझ्या माहेरी ऊस, तिथे लागणीची तारीख एकदा लिहिली की वर्षभर कुणी वही उघडत नाही.

बागवाला_तासगाव
ऊस सोसतो वो. द्राक्ष सोसत न्हाई.

तीन_बी_वीस_तारीख
बागवाल्या दादांचं वाक्य पकडून पुढे जातो कारण मी कर सल्लागाराच्या ऑफिसमधे आहे (कराड) आणि ताईंची नोकरी मला डोळ्यासमोर दिसतेय.

ताई, तुमची कामं तीन वेगवेगळ्या चाकांवर फिरतात. ऑफिसचं चाक महिन्याचं आहे, ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीचं रिटर्न जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीचंच ३बी, आणि जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या १५ ला अॅडव्हान्स टॅक्स. मुलांचं चाक आठवड्याचं आहे, मंगळवारी क्लास, शनिवारी सकाळची शाळा वगैरे. सासूबाईंचं चाक तीन महिन्यांचं. आणि लग्न हे चाक नाहीच, ते मे महिन्यातून उलटं मोजत यायचंय.

रोजच्या एका पानावर ह्यातलं काहीच दिसत नाही! ७ तारखेचं पान उघडलं तर ७ तारीखच दिसते, ११ ची नाही. म्हणून रोजचं पान तुमच्यासाठी चूक आहे असं मला वाटतं. रोजचं पान ज्याला रोज खूप लिहायचं असतं त्याच्यासाठी, वकील, डॉक्टर, साइटवरचे इंजिनिअर. तुम्हाला महिना एका नजरेत आणि आठवडा एका नजरेत पाहिजे. महिन्याची चौकट दोन पानांवर, त्यामागे त्या महिन्याचे आठवडे.

आणि फेब्रुवारीत का थांबते ते सांगू का? कारण फेब्रुवारी मार्चमधे आपल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. कोरेगावच्या बाईंचं वर्ष जूनला सुरू होतं तसं आपलं १ एप्रिलला.

पोवईनाका_रोज
हे वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. इतकी वर्षं मी माझंच काही चुकतं असं धरून चालले होते. ७, ११, १५, २० हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, पण घरचं मात्र त्याच पानावर कधी आलंच नाही. १५ ऑक्टोबरला, ज्या दिवशी डोळ्याची तारीख हुकली, त्या दिवशी पीएफची शेवटची तारीख होती. आत्ता लक्षात आलं.

मोदकवाली_विश्रामबाग
सांगलीहून. मी ऑर्डरचे उकडीचे मोदक, पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ करते. उलटं मोजायचं म्हणताय ना, त्यात माझा हात बसलाय म्हणून लिहिते.

आमच्या धंद्यात मागच्या वर्षीच्या डायरीवरून ह्या वर्षीची तारीख उचलता येत नाही. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६ ला अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला बसणार. म्हणून मी आधी चतुर्थीचं पान शोधते, तिथे लाल पेनाने खूण करते आणि मागे येते. आदल्या दिवशी सारण. तीन दिवस आधी नारळ. आठ दिवस आधी पिठी, कारण तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळायचा असतो आणि हवा दमट असली की एक दिवस जास्तीचा लागतो. पंधरा दिवस आधी ऑर्डर घेणं बंद. हे प्रत्येक त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं. एका जागी यादी करून ठेवली तर ती यादी पडून राहते, चौकटीत लिहिलं तर त्या दिवशी ते समोर येतं. लग्नाचं तसंच करा. लग्नाची तारीख, तिथून मागे.

गावभाग_सांगली
पेनावरून माझी एक कळकळीची विनंती आहे, कुणीतरी पेनाचं बोलायला पाहिजे.

आमचं किराणा दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे हे इथल्यांना माहितेय. दुकानात पाणी छताजवळ होतं. उधारीच्या वह्या, वडिलांच्या रोजकीर्दी, माझ्या तीन वर्षांच्या डायऱ्या सगळं आठ दिवस पाण्यात. पाणी ओसरल्यावर काढल्या. वडील शाईपेननं लिहायचे, सुंदर अक्षर होतं, ते सगळं फिकट निळं पाणी होऊन गेलं होतं. एक ओळ वाचता आली नाही. माझ्या डायऱ्या साध्या बॉलपेनच्या, ती शाई तेलकट असते, जवळजवळ सगळं वाचता आलं. पेन्सिलचंही राहिलं होतं.

दुसरं म्हणजे, नुसत्या गमावर चिकटवलेल्या डायऱ्यांची पानं सुटी होऊन एकमेकांत मिसळली. दोऱ्याने शिवलेल्या होत्या त्या फुगल्या, पण एकत्र राहिल्या. पंख्याखाली, दर दहा पानांमधे रद्दी पेपर घालून, दिवसातून दोनदा पेपर बदलून वाळवल्या. उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात आणि चिकटलेली फाटतात.

वडिलांना मी तेव्हा काही बोललो नाही. ते त्या वह्या एकेक उघडून बघत होते. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा सगळ्यात आधी वह्या वरच्या मजल्यावर नेल्या, माल नंतर.

कोरेगावची_बाई
😔 वडिलांच्या वह्यांचं वाचून गलबलून आलं.

वाईचा_दिनेश
@गावभाग_सांगली दादा, वाईट वाटलं वाचून. म्हणूनच मी म्हणत होतो, क्लाउडवर असतं तर राहिलं असतं. पण वडिलांचं अक्षर क्लाउडवर नसतं हेही खरं.

गावभाग_सांगली
हो. आता महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो काढून ठेवतो. दहा मिनिटांचं काम आहे.

किलोभर_कागद
साईज आणि वजनाचं कुणीच बोललं नाही, आणि डायरी बंद पडण्याचं ते एक मोठं कारण असतं. जड डायरी घरी राहते, घरी राहिली की संपली.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए४ चे १६ कागद म्हणजे एक चौरस मीटर, म्हणून ८० जीएसएमचा ए४ कागद ५ ग्रॅम, आणि त्याच्या अर्धा ए५ (१४८ बाय २१० मिमी) अडीच ग्रॅम. आता रोज एक पान असलेली ए५ डायरी धरा, ३६५ पानं म्हणजे १८३ कागद, साधारण ४५७ ग्रॅम, वर पुठ्ठा. अर्धा किलो झाली. आठवडा दोन पानांवर असेल तर ५३ आठवड्यांची १०६ पानं, ५३ कागद, १३३ ग्रॅम. महिन्यांच्या चौकटींची २४ पानं घातली तरी १६० च्या आसपास. बसमधून जाणाऱ्या माणसाच्या पर्समधे डबा, पाण्याची बाटली, छत्री, ह्यात हा फरक जाणवतो.

ए६ म्हणजे त्याच्या निम्मी, खिशात बसते, पण तीन चाकं तिच्यावर मावणार नाहीत. ए५ च घ्या.

कागद ७० जीएसएमचा असला तर बॉलपेनला चालतो. जेल किंवा शाईपेन वापरणार असाल तर शाई फुटते, मागच्या पानावर उमटते, मग ८० च्या पुढे जा. दुकानात एक कोपरा मागून पेन ओढून बघा, नाही म्हणाले तर तो कागद बघण्यासारखा नाही असं समजा.

कास_पठारी
बुलेट जर्नलचं कुणी केलंय का? रायडर कॅरोल नावाच्या अमेरिकन डिझायनरने २०१३ मधे ती पद्धत लोकांसमोर आणली, त्याला स्वतःला लहानपणापासून लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास होता त्यातून निघाली. कोरी वही, पुढच्या पानांवर अनुक्रमणिका, काम असेल तर टिंब, झालं की त्याच टिंबावर फुली, पुढे ढकललं तर बाण. कार्यक्रम असेल तर गोल, नुसती नोंद असेल तर आडवी रेघ. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, दीड वर्षं ह्याच्यावर आहे. महिन्याच्या शेवटी राहिलेली कामं हाताने पुन्हा लिहायची, हा त्यातला मुख्य भाग.

मिरजकर_जंक्शन
मी केलं होतं. पुन्हा पुन्हा तेच लिहिण्यात वेळ जातो. इंटरनेटवर लोक त्यात वेली फुलं काढतात, रंगवतात, एक पान सजवायला एक तास, कामं राहिली बाजूला.

कास_पठारी
वेली फुलं मूळ पद्धतीत नाहीतच, ती लोकांनी नंतर आणली. माझ्या वहीत एक काळं पेन आहे फक्त. आणि पुन्हा लिहिण्यातच तर गंमत आहे. "भूगोल नकाशा वही पूर्ण करणे" हे मी सप्टेंबरमधे लिहिलं, ऑक्टोबरमधे लिहिलं, नोव्हेंबरमधे तिसऱ्यांदा लिहिताना हात थांबला आणि कळलं की मला हे करायचं नाहीये, मला नकाशे वाचता येतात, वही नको आहे. खोडून टाकलं. मोबाईलच्या यादीत ते दोन वर्षं पडून राहिलं असतं.

तीन_बी_वीस_तारीख
टीडीएस तिसऱ्यांदा लिहिताना हात थांबला तरी भरावाच लागतो 😀 पण मुद्दा मान्य. स्वतः लावून घेतलेल्या कामांसाठी ही चाळणी चांगली आहे.

शनिवार_पेठ_सातारा
जरा अवांतर आहे पण साताऱ्याचा विषय निघालाय म्हणून. आपल्याकडे रोजच्या नोंदीची परंपरा फार जुनी आहे, आपण ती विसरलो. पेशवे दप्तरात मोडीतल्या रोजकीर्दी आहेत, त्यातल्या नोंदी गणेश चिमणाजी वाड यांनी निवडून काढल्या आणि त्या छापल्या गेल्या. त्यात आपल्या साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातल्या नोंदींचा वेगळा खंड आहे. कुणाला वतन दिलं, कुणाला सूट दिली, ते नोंदवून ठेवलेलं. ज्याने ती नोंद केली त्याला आपण पुढं कशासाठी वाचणार हे माहीतही नव्हतं, त्याने आपलं रोजचं काम केलं, आणि आज अभ्यासकांना तिथूनच राज्यकारभार कळतो.

किलोभर_कागद
आणि तो कागद अजून टिकलाय. हाताने बनवलेला असायचा, चिंध्यांचा.

मोदकवाली_विश्रामबाग
मला एक विचारायचंय, आणि हे मनापासून विचारतेय, भांडण काढायला नाही. ताईंच्या पहिल्या पोस्टमधे मुलं आहेत, सासूबाई आहेत, दीर आहेत, त्यांचं लग्न आहे. ही सगळी कामं ताईंच्याच वहीत का? घरात अजून दोन मोठी माणसं आहेत ना, त्यांच्या आईची डोळ्याची तारीख त्यांच्या लक्षात का नव्हती? डायरी कितीही चांगली घेतली तरी पाच माणसांचं वर्ष एका माणसाच्या पर्समधे कसं मावणार?

वाईचा_दिनेश
हा प्रश्न डायरीच्या धाग्यावर कशाला?

कोरेगावची_बाई
इथेच पाहिजे. मी तर म्हणेन पहिलाच प्रतिसाद हा यायला हवा होता.

पोवईनाका_रोज
मोदकवाली ताई, रागावले नाही. खरं सांगायचं तर हे वाचून रात्री ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, तू मला सांगितलंच नव्हतंस की तारीख आहे. मी म्हटलं सांगितलं होतं. दोघांनाही आठवेना. म्हणजे सांगितलं असलं तरी ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

माहुली_संगम
त्यावर जुना उपाय आहे की. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. १९७३ पासून घराघरात लागतंय, आमच्या आईने त्यावर दूध किती, सिलिंडर कधी लावला, गवळ्याचा खाडा, सगळं लिहिलं. आम्ही त्याचाच प्लॅनर केलाय. घरात चार माणसं, चार रंगांची पेनं, सुतळीने खिळ्याला बांधलेली. जे काम ज्याचं ते त्याच्या रंगात. वडिलांच्या बीपीच्या गोळ्या आणणं हे माझ्या भावाच्या हिरव्या रंगात आहे, आणि ती आणली नाही तर ते हिरवं अख्ख्या घराला दिसतं, कुणाला बोलावं लागत नाही. पर्समधली वही तुमची एकटीची, भिंत सगळ्यांची.

नियम एकच, तारीख ठरली की फोन ठेवायच्या आधी भिंतीवर. दवाखान्यातून आलं की चप्पल काढायच्या आधी.

बागवाला_तासगाव
हे झ्याक. आमच्यात पंप ठेवल्यावर च्याच्या आधी वही, तुमच्यात चप्पल काढायच्या आधी भिंत. एकच झालं.

वाईचा_दिनेश
चार रंगांचं मी उचलतोय. वर्कशॉपच्या बोर्डावर करून बघतो. मगाशी जरा तोडून बोललो, मोदकवाली ताई, तुमचा प्रश्न बरोबर होता.

जुनी_डायरी_फेकू_नका
ज्यांच्याकडे पतसंस्थेच्या, विम्याच्या जुन्या कोऱ्या डायऱ्या पडल्यात त्यांच्यासाठी: २०२६ ची १ जानेवारी गुरुवारी आहे आणि २०१५ ची पण गुरुवारीच होती, दोन्ही लीप वर्षं नाहीत. म्हणजे २०१५ ची कोरी डायरी २०२६ ला वारांसकट जशीच्या तशी चालते. तिथ्या आणि सण मात्र जुळणार नाहीत, ते नवीन बघून टाका. मी माळ्यावरून काढलीय, कागद आत्ताच्या फुकटच्या डायऱ्यांपेक्षा जाड आहे.

मिरजकर_जंक्शन
हे भारीच! आमच्याकडे २००९ ची आहे, तिचं?

जुनी_डायरी_फेकू_नका
२००९ पण गुरुवारीच सुरू झालं होतं. चालेल.

खळ_आणि_दोरा
सगळा धागा वाचला. माझे आजोबा सांगलीत बाइंडिंग करायचे, आता दुकान मी बघते. मुख्य काम कोर्टाच्या आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांचं, पण गेली काही वर्षं लोक स्वतःच्या मापाच्या वह्या करून घ्यायला येतात, म्हणून सांगते की छापील डायरीतूनच निवडायला पाहिजे असं काही नाही.

कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडून स्वतः आखलेली पानं काढून आणा, महिन्याच्या चौकटी, आठवड्याची दोन पानं, मागे दहा वीस कोरी. ती घडी घालून १६-१६ पानांचे फर्मे, म्हणजे छोटे गठ्ठे, करून आम्ही जुजबंदी करतो, म्हणजे प्रत्येक फर्मा दोऱ्याने शिवायचा आणि फर्मे एकमेकांना बांधायचे. अशी वही टेबलावर सपाट उघडी राहते, हाताने दाबून धरावी लागत नाही. उघडी राहणारी वही लोक वापरतात, मिटणारी वही वापरत नाहीत, हे मी गिऱ्हाइकांकडे बघून सांगते. स्पायरल पण सपाट राहतं पण पर्समधे तार वाकते आणि ओढणीला अडकते. गमाची बाइंडिंग उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिली की पानं सोडायला लागते.

पानं आणताना एक लक्षात ठेवा, शिवणीच्या बाजूला दोन सेंटीमीटर मोकळं सोडा, नाहीतर सोमवार शिवणीत जातो.

पोवईनाका_रोज
@खळ_आणि_दोरा ताई, तुम्ही सांगलीत, मी साताऱ्यात, पण माझी बहीण मिरजेला आहे, संक्रांतीला येणारच आहे. एप्रिल ते मार्च असं वर्ष करून देता येईल का? म्हणजे पानं मीच काढून आणेन. माझं असं ठरतंय:

जानेवारी ते मार्च भिंतीवरचं कालनिर्णय, चार नाही पाच रंग, मुलीलाही तिचा जांभळा पाहिजे. त्याची सुरुवात रविवारी केली. सासूबाईंच्या तपासण्या ह्यांच्या निळ्या रंगात टाकल्या, ह्यांनी स्वतःच लिहिल्या, डोळ्याची पुढची तारीख पण. लग्नाचं मोदकवाली ताईंनी सांगितल्यासारखं तारखेपासून उलटं मोजत आले, तर आचाऱ्याला बयाणा द्यायची चौकट ह्याच आठवड्यात निघाली! दीर काल जाऊन देऊन आले, त्यांच्या हिरव्या रंगात फुली मारली.

१ एप्रिलपासून वही. ए५, ८० जीएसएम, महिना दोन पानांवर, आठवडा दोन पानांवर. महिन्याच्या चौकटीत ऑफिसचं आणि घरचं एकाच पानावर, म्हणजे १५ ला पीएफ आणि डोळ्याचा डॉक्टर एकत्र आले तर आदल्या महिन्यातच दिसेल.

तीन_बी_वीस_तारीख
ताई, चौकटीत ऑफिसची शेवटची तारीख लिहू नका, दोन दिवस आधीची लिहा. शेवटच्या दिवशी पोर्टल हळू चालतं.

पोवईनाका_रोज
ते तर आलंच 🙂 ५, ९, १३, १८ टाकणार.

खळ_आणि_दोरा
देईन की. एप्रिल ते मार्च करते मी, गेल्या वर्षी दोन सीएंना करून दिली. पानं ए४ वर आडवी काढा, एका बाजूला दोन पानं, दोन्ही बाजूंनी छापून. कुठल्या पानामागे कुठलं येतं त्याची मांडणी फर्म्यात उलटसुलट असते, म्हणून झेरॉक्सला टाकायच्या आधी एक कोरा नमुना घडी घालून, हाताने पान नंबर टाकून मला फोटो पाठवा. कापड कुठल्या रंगाचं हवंय? आत्ता माझ्याकडे मरून आणि बाटली हिरवं आहे.

पोवईनाका_रोज
मरून. आज रात्री घडी घालून फोटो पाठवते.

गावभाग_सांगली
आणि आत बॉलपेन, ताई.